थोरली, धाकटी आणि एक छप्पर

रेवा, ईशान,

परवा फोनवर ईशानने विचारलं, "आजी, ते सायकल धुणारे काका अजून आहेत का?" मी "नाही रे, ते वसईला परत गेले" एवढंच म्हणाले आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. उत्तर अपुरं राहिलं. अपुरी उत्तरं मला चैन पडू देत नाहीत, हे तुमच्या आईला चांगलं माहीत आहे. म्हणून आज जेवणं आटोपून, टेबल पुसून लिहायला बसले आहे. आईकडून वाचून घ्या, आणि ती घाईने ओळी गाळायला लागली तर तिला थांबवा.

ईशान, तू इथे डार्विनला आमच्याकडे आला होतास तेव्हा समुद्राकाठी सायकल फिरवून आणलीस आणि अंगणात आडवी टाकून आत पळालास. शेजारचे पास्कलभाऊ फाटक उघडून आले. त्यांनी हँडलवरून एक बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट." मग आमचाच पाइप घेऊन त्यांनी सायकल चाकांच्या तारांपर्यंत धुतली, खिशातल्या रुमालाने पुसली आणि तुला बाहेर बोलावून म्हणाले, "समुद्रावरून आलास की आधी हिला आंघोळ, मग तुला. कळलं?" तू आत येऊन मला हळूच म्हणालास, "आजी, ही लिक्ड माय बाइक."

ते सगळंच चाटून बघायचे. स्वतःची मोटार, आमच्या गॅलरीचा कठडा, चर्चच्या फाटकाची कडी. त्यांच्या वडिलांचं आयुष्य वसईच्या मिठागरात गेलं होतं. घरातलं कुलूप, विळी, बादलीची कडी, काहीच दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त टिकायचं नाही असं ते सांगत. "लोक म्हणतात मिठाला जागावं. मी जन्मभर मिठाशी भांडलो," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. सिसिलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "म्हणून माझ्या कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरतोस का?"

पास्कलभाऊ विमानांचे इंजिनीयर. मुंबईत एका विमान कंपनीत नोकरी, मग इकडे ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळ पेंडल हिलला काही वर्षं, आणि शेवटी डार्विन. इथल्या त्यांच्या कंपनीकडे एक चमत्कारिक काम होतं. आमच्यापासून विमानाने काही तासांवर बेटांचा एक लहानसा देश आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं माझ्या घरी जेवून गेली आहेत. त्या देशाला हवाई दल आहे. गणवेश आहे, झेंडा आहे, बँड आहे, एक कमांडर आहे, आणि त्या वेळी दोन विमानं होती. दोन पंख्यांची, समुद्रावर गस्त घालणारी, कुणा मोठ्या देशांनी भेट दिलेली. लढाई त्या देशाला कुणाशीच करायची नव्हती. परक्या बोटी मासे चोरून नेतात त्यांच्यावर नजर ठेवायची, आणि आपली माणसं समुद्रात हरवली तर शोधायची. ही दोन विमानं उडती ठेवणं हे पास्कलभाऊंचं काम. महिन्यातला निम्मा वेळ ते तिकडे असायचे.

विमानांना त्यांनी नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. तिथला मुख्य मेकॅनिक सार्जंट इलायस हे दोन मराठी शब्द शिकला होता. रविवारी दुपारी पास्कलभाऊ आमच्याकडे चहाला बसलेले असले की त्याचा फोन यायचा आणि स्पीकरवर त्याचा गोड, लांबवलेला आवाज यायचा, "बॉस, थोरली गुड. धाकटी सिक."

"काय झालं तिला?"

"सेम थिंग, बॉस. सॉल्ट."

तेच दुखणं. त्या विमानतळावर धावपट्टी होती, स्वागतकक्ष होता, पाहुण्यांनी बसून संचलन बघायला पायऱ्यांचा मंडप होता. विमानांवर मात्र छप्पर नव्हतं. दोघी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभ्या. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवावं लागतं, इंजिनसुद्धा आतून. पण त्या बेटावर गोडं पाणी म्हणजे छपरावरून टाकीत पडलेलं पावसाचं पाणी, आणि छप्परच नाही तर टाकी कसली? दवाखान्याच्या टाकीतून पाणी आणायचं तर नर्सबाईंशी भांडण. "आणि भांडणात त्याच बरोबर असतात," पास्कलभाऊ म्हणायचे. "मी विमान धुऊ म्हणतो, त्या बाळंतीण धुऊ म्हणतात."

म्हणून त्यांची एकच मागणी होती. पत्र्याचं एक मोठं छप्पर, त्याला पन्हळी, खाली टाक्या. सावलीही झाली आणि पाणीही झालं. ही मागणी ते दर अहवालात लिहायचे आणि अहवाल आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहायचे, कारण मी पूर्वी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, फक्त फार तापलेलं असायचं. एकदा त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही आम्हाला घोडे देता आणि तबेला मागितला की आणखी एक घोडा देता." मी ते खोडून, सध्याच्या सुविधांचा फेरविचार व्हावा, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं.

"वहिनी, तुम्ही माझ्या वाक्यांना पावडर लावता," ते म्हणाले.

"न लावलेली वाचतात का ते?"

"लावलेलीही नाही वाचत."

तेवढ्यात आमच्या घरावरून लढाऊ विमानं गेली. डार्विनला सराव सुरू असला की ती अशी जातात की कपाटातल्या बशा किणकिणतात आणि आपण वाक्य अर्ध्यावर सोडून थांबतो. पास्कलभाऊ कप घेऊन गॅलरीत गेले, मान वर करून बघत राहिले. आवाज विरल्यावर म्हणाले, "ह्यांच्या गॅरेजला एसी आहे. माझ्या पोरींना झाडाची सावली नाही." तुमचे आजोबा म्हणाले, "पास्कल, अरे, तो देश मोठा आहे." त्यावर ते वळून म्हणाले, "डॉक्टर, लहान पेशंटला तुम्ही अर्धंच बरं करता का?" आजोबांनी पेपर उघडला.

आता इलायसच्या जेवणाची गोष्ट सांगते. तो एका कोर्ससाठी डार्विनला आला होता, तेव्हा मी त्याला जेवायला बोलावलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. पास्कलभाऊ बाहेर गाडीजवळ फोनवर बोलत होते, म्हणून आम्ही त्याला आधी वाढलं. मोठा, शांत, लाजरा माणूस. मी विचारलं, "आणखी पुरी?" तो म्हणाला, "येस, थँक यू." पुन्हा विचारलं, पुन्हा येस. श्रीखंड? येस. मला भारी आनंद झाला. इतक्या वर्षांत इतकं मनापासून जेवणारा पाहुणा मिळाला नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, मी पंखा वाढवला आणि आणखी दोन पुऱ्या वाढल्या. पास्कलभाऊ आत आले, त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "वहिनी, थांबा! मारता का माणसाला?"

"अहो, तोच हो म्हणतोय!"

"तो हो म्हणणारच! त्यांच्यात समोरच्या माणसाला नाही म्हणत नाहीत. घरमालकाला नाही, वडीलधाऱ्याला नाही, पाहुण्याला तर नाहीच. तुमचा आग्रह आणि त्याचा होकार, मध्ये त्याचं पोट जाईल!"

इलायस खाली मान घालून हसत होता आणि तरीही हातातली पुरी संपवत होता. त्याला नंतर दोन तास आमच्या सोफ्यावर आडवं व्हावं लागलं. पास्कलभाऊ त्याला ओवा देता देता मला म्हणाले, "तिथे पहिल्या वर्षी मीही फसलो. विमान तयार आहे का, असं विचारलं की येस, बॉस. जाऊन बघावं तर चाक काढून ठेवलेलं. तेव्हापासून ठरवलं, इलायसला विचारायचं नाही. जाऊन बघायचं. बोट लावायचं."

हे त्यांना इतकं पक्कं माहीत होतं, आणि तरी पुढचं सगळं झालं. मला अजूनही त्याचा राग येतो, म्हणून हे जरा सावकाश लिहिते.

विमानं भेट देणाऱ्या देशांची एक समिती पाहणीला येणार होती. हवाई दल सज्ज आहे का ते बघून पुढची मदत ठरायची होती. पास्कलभाऊंना वाटलं, आता छप्पर नक्की. पण समिती येण्याआधी धाकटीचा स्टार्टर गेला, रेडिओ बंद पडला आणि बॅटरी संपली, आणि सुटे भाग बोटीवरून यायचे होते. कमांडर रडवेला झाला. दोनपैकी एकच विमान उडालं तर हा देश विमानं नीट ठेवत नाही असं लिहितील, आणि हवाई दलातल्या पोरांची नाचक्की होईल. पास्कलभाऊंचा मुद्दा नेमका तोच होता, की विमानं पोरांमुळे नाही, मिठामुळे बिघडतात. पण नाचक्की त्यांनाही सोसवेना.

मग त्यांनी असं केलं. सकाळी थोरली उडाली. समितीने टाळ्या वाजवल्या. थोरली उतरली आणि समितीला जेवायला नेलं. जेवण मुद्दाम लांबवलं. आख्खं डुक्कर भाजलं होतं, बायकांनी गाणी म्हटली, कमांडरने भाषण केलं, मग कमांडरच्या सासऱ्यांनी केलं. तेवढ्या वेळात इलायसने आणि पास्कलभाऊंनी थोरलीचा स्टार्टर, रेडिओ आणि बॅटरी काढून धाकटीत बसवली. दुपारी धाकटी उडाली. पुन्हा टाळ्या. समितीच्या प्रमुखाने विचारलं, "म्हणजे दोन्ही तयार?" इलायस म्हणाला, "येस, सर." पास्कलभाऊ शेजारी उभे होते. बाही खाली ओढून ग्रीस झाकत होते.

हे त्यांनी आमच्या टेबलावर सांगितलं तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. सासऱ्यांच्या भाषणाची नक्कल केली. आजोबाही हसले, मीही हसले. फक्त सिसिलवहिनी हसली नाही. ती म्हणाली, "पास्कू, म्हणजे त्यांना वाटलं सगळं ठीक आहे?"

"हो! फुल मार्क!"

"मग छप्पर कशाला देतील?"

पास्कलभाऊंनी कप उचलला, रिकामा होता, तसाच ओठाला लावला.

समितीचा निर्णय आला. दोन्ही विमानं आहे त्या सोयींत उत्तम स्थितीत असल्यामुळे छपराची निकड दिसत नाही. आणि हवाई दलाची कामगिरी पाहून आनंद झाल्यामुळे त्यांना आणखी एक विमान देण्यात येत आहे.

"तिसरी!" पास्कलभाऊ आमच्या अंगणात फेऱ्या मारत होते. पावसाळ्याआधीचा तो उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला. "तिसरी! दोघींना पाणी नाही, तिसरी घ्या म्हणे पदरात!" त्या विमानाला त्यांनी शेवटपर्यंत नाव दिलं नाही. फोनवर इलायसही त्याला "द अदर वन" म्हणायचा. आता तिघी उघड्यावर. एकीचे भाग दुसरीला, दुसरीचे तिसरीला, आणि पास्कलभाऊंच्या अहवालात तीच मागणी. मी पावडर लावणं बंद केलं होतं. घोड्यांचं वाक्यही जसंच्या तसं जाऊ दिलं. उत्तर आलं, आपल्या सूचनांबद्दल आभार.

पुढे काय झालं ते तुम्ही मोठी होत आहात म्हणून सांगते. शाळेच्या परीक्षा देऊन मुलं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीने परत येत होती. बोटीचं इंजिन बंद पडलं आणि ती वाहवत गेली. त्यात इलायसची मुलगी होती.

इलायस त्या दिवशी विमानतळावरच होता. थोरलीचे भाग धाकटीत होते. धाकटी सुरू झाली आणि एका इंजिनातून धूर आला. तिसरी उडाली, आणि वैमानिकाला समोरची काट्याची तबकडी खोटं दाखवतेय असं दिसल्यावर धावपट्टीला वळसा घालून उतरली. इलायसने तिघींची दारं उघडून काय काय काढलं आणि घातलं, ते मला सांगणं पास्कलभाऊंना जमलं नाही. ते इथे डार्विनमध्ये होते. फोन स्पीकरवर होता. "धाकटीची इंधनाची लाइन बघ. साफ कर. पुन्हा लाव," असं ते सांगत होते आणि पलीकडून दर वेळी येत होतं, "येस, बॉस." त्या होकारात विमान आहे की नाही हे त्यांना कळेना. मध्येच ते ओरडले, "इलायस, येस म्हणू नकोस! काय दिसतंय ते सांग!" पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

मुलं वाचली. एका मालवाहू जहाजाला बोट दिसली. उन्हाने भाजलेली, तहानलेली, पण सगळी वाचली. सिसिलवहिनी चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्या लावून आली. पास्कलभाऊ आमच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "देवाची कृपा."

"कृपाच," ते म्हणाले. "आता बघा वहिनी. कुणी मेलं नाही, म्हणजे काही झालंच नाही."

तसंच झालं. कागदोपत्री ती जहाजाच्या तत्परतेची गोष्ट झाली. विमानांचा उल्लेखही नव्हता.

तेव्हा त्यांनी ठरवलं, की पाहणीच्या दिवशी काय केलं ते समितीला सांगायचं. दोन्ही विमानं तयार नव्हती, एकच होतं, आणि ते दोनदा दाखवलं. सिसिलवहिनी चिडली. "कन्फेशन करायचंय तर फादरकडे कर ना! ऑफिसात कशाला?"

"फादर दहा वेळा नमो मरियेची प्रार्थना म्हणायला लावतील आणि सोडून देतील. त्याने छपराचे पत्रे येतात का?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. इलायसची जायला नको."

इलायसला विचारणं आलं. पण विचारलं तर तो येस म्हणणार, हे ठरलेलं. म्हणून पास्कलभाऊ बेटावर गेले ते त्याच्या घरी जाऊन नुसते बसले. त्याची मुलगी दारात बसून केस विंचरत होती. गालांची कातडी सोलवटलेली. इलायस तिच्याकडे बघत होता, मग पास्कलभाऊंकडे, मग परत तिच्याकडे. "मला कळलं," पास्कलभाऊ मला म्हणाले. एवढंच.

त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. भाग मी बदलले, येस म्हणायला मी सांगितलं. दुसरी गोष्ट खरी नव्हती. समितीने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, कॉफी दिली, मोकळेपणाबद्दल आभार मानले. कंपनीने त्यांचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. आणि छपराबद्दल असं ठरलं, की एकूण व्यवस्थेची नव्याने पाहणी करण्यासाठी दुसरी समिती नेमावी.

"दुसरी समिती," पास्कलभाऊ म्हणाले. या वेळी ते अंगणात फिरले नाहीत. सायकल पुसतात तसा चष्मा पुसत बसले. खरं सांगू, मला त्यांचा आरडाओरडा हवा होता.

दोघांनी वसईला परतायचं ठरवलं. सामान बांधून झालं होतं, तेव्हा इथल्या हवाई तळावर विमानं लोकांना बघण्यासाठी खुली ठेवली होती. शेजारच्या देशांची विमानंही आली होती, त्यात तिसरी होती, नवा रंग लावलेली. पास्कलभाऊ म्हणाले, "वहिनी, चला, बघून येऊ." आजोबांचा गुडघा दुखत होता, सिसिलवहिनी म्हणाली मी मेले तरी ते विमान बघणार नाही, म्हणून आम्ही दोघंच गेलो. सॉसेजचा वास, टोप्या घातलेली मुलं, डोक्यावर जेट. दोरीपलीकडे तिसरी चकाकत होती आणि शेजारी इस्त्रीच्या गणवेशात इलायस. त्याने आम्हाला पाहिलं आणि त्याचा हात सलामासाठी अर्धा उठला.

एक साहेब पाहुण्यांना घेऊन येत होते. मोठे हसरे गृहस्थ. विमानाच्या पोटावर थाप मारून म्हणाले, "कम ऑल द वे अक्रॉस द वॉटर! शी'ज रेडी टू गो एनी टाइम, ए, सार्जंट?"

इलायसने पास्कलभाऊंकडे पाहिलं. पास्कलभाऊ दोरीला धरून उभे होते, मानही हलवली नाही.

"नो, सर," इलायस म्हणाला.

साहेब हसले. पाहुणे हसले. "गुड वन, मेट!"

"नो, सर," इलायस पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शी इज नॉट रेडी. नो रूफ. नो वॉटर."

हसू थोडं रेंगाळलं आणि थांबलं. साहेब म्हणाले, "राइट. वुई'ल हॅव अ चॅट अबाउट दॅट, नो वरीज," आणि पाहुण्यांना पुढच्या विमानाकडे घेऊन गेले. ती चर्चा झाली की नाही, मला माहीत नाही. अजून छप्पर झालेलं नाही एवढं माहीत आहे.

पास्कलभाऊ दोरीखालून वाकून पलीकडे गेले. या वयात, गुडघ्यावर हात ठेवून. पंखावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. मग इलायसकडे काहीतरी मागितलं. इलायसने कुठून तरी पाइप ओढत आणला, इथे काय, पाण्याला तोटा नाही. एक पिवळ्या जाकिटातला पोरगेला रक्षक धावत आला, "मेट, यू काण्ट बी इन देअर!"

"ही'ज विथ मी," इलायस म्हणाला.

मी पास्कलभाऊंची टोपी आणि बूट धरून दोरीच्या अलीकडे उभी होते. त्यांनी पँट घोट्यावर दुमडली होती. इलायसचा इस्त्रीचा गणवेश पार भिजला होता. पास्कलभाऊ चाकांच्या खोबणीत पाणी मारत होते आणि मराठीत ओरडत होते, "खाली बघ, खाली! पोटाखाली राहिलं!" आणि इलायस, एक अक्षर न कळता, बरोबर तिथेच हात घालत होता.